आधी असणाऱ्यांसमोर

—अहो, धोंड्याशी वाकू नका, आधी ऐका तर! कॅनडाहून एवढे लांब आलात पूर्वज शोधत, आता घाई कसली? आणि पूर्वजांना ‘फोअरबेअर’ म्हणतात ते ओझं वाहणारे म्हणून, असं कुणी सांगितलं तुम्हाला? साफ चूक! शब्द आमचा, स्कॉटलंडचा—इंग्रजांनी मागाहून नेला. फोअर म्हणजे आधी, आणि बेअर म्हणजे ‘बी-अर’, असणारा. बस्स! आधी असणारा. मेला, संपला, असं म्हणतोय का शब्द? नाही ना? म्हणजे आहेतच ते, आत्ता, इथं—म्हणून तर आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरदेव हा धोंडा त्यांच्या थडग्यांसमोर गुडघ्यापर्यंत उचलतो. उचलला, की झाला तो त्यांचा. माझ्या वॅटीपणजोबांनी तर धोंड्यावर पाद्रीबुवा बसलेले असताना उचलला, आणि प्रवचनात खंड नाही—विचारा कुणालाही! म्हणजे, सगळे गेलेत, पण विचारा.

नवरदेव कोण? मीच की, हा ॲल्फ! कोटाला फूल काय उगाच खोवलंय? सकाळी खानावळीत तुम्हाला लापशी वाढली ना, तीच इसी—विधवा आहे, मीही काही कोवळा नाही—दुपारी चर्चमध्ये लग्न. धोंडा? हलतो की! म्हणजे महिनाभर रोज मीच हलतोय, तो नाही. पण तुमचे खांदे, वा! आडनाव लॉरिमर ना तुमचं? काय सांगता! वॅटीची बहीण जीन लॉरिमरांकडेच दिलेली! म्हणजे आपले आधी असणारे एकच, तुमचे हात ते माझेच हात, तेव्हा इसी यायच्या आत जरा माझ्याऐवजी उचला—काय? मघाशी वॅटीच्या बहिणीचं नाव मॅगी म्हणालो? जुळ्या होत्या हो! ...असं बघू नका. बरं, वॅटी माझा पणजोबा नाही. इसीचा आहे. माझे आजोबा रूळ टाकायला लँकेशायरहून आले, इंग्रज माणूस. या गावच्या मातीत माझं कुणी नाही. तिचे मात्र इथंच, चर्चच्या अंगणात रांगेनं पुरलेले, आणि त्यांनी मला नको म्हटलं तर—

मेलो! आलीच ती. अगं इसी, हे पाहुणे नुसतं बघत होते—काय? बाजूला सरकू? अगं, नवा झगा आहे—झगा कशाला खोचतेस—कंबर जाईल, इसी—इसी!

...

गुडघ्याच्याही वर. बघितलंत? आणि काय म्हणाली, ऐकलंत? ‘ॲल्फ माझा आहे, नीट बघून घ्या सगळ्यांनी.’ तुम्हाला नव्हे हो. त्यांना.

...निघा आता, पाहुणे. निघा म्हटलं ना! घरची माणसं जमलीत इथं.