कागदावर नसलेल्या तीन गाड्या

आई: वाच परत. साहेबलोकांचा कागद एकदा साहेबाच्याच तोंडून ऐकावा म्हणते.

लेक: वाचला की, आई. ‘सोमवारपासून शहरातून जाणाऱ्या मालगाड्या या शाखामार्गावरून वळवण्यात येतील. रोज अकरा.’

आई: अकरा. मागचा आठवडाभर चाचणी चालली, तेव्हा रोज किती गेल्या?

लेक: चाचणीत थोडं मागेपुढे होतंच.

आई: चौदा, चौदा, पंधरा, चौदा. हे बघ रजिस्टर. बावीस वर्षं हे फाटक सांभाळतेय, एवढं मोजता येतं मला.

लेक: आणि हे वेळापत्रक मी बनवलंय. शहरात प्रवासी गाड्या अर्धा अर्धा तास मालगाडीच्या मागे तुंबून राहतात. लोक रोज कामावर उशिरा. मालगाड्या इकडून काढल्या की तो गुंता सुटतो. तीन वर्षं डोकं फोडलंय मी यासाठी.

आई: योजनेला कोण नावं ठेवतंय? चांगलीच आहे. तीन गाड्या कुठे गिळल्यास, तेवढं सांग.

लेक: चहा टाक ना जरा.

आई: लहानपणी काही सांडलंस की अशीच चटकन दुसरं काहीतरी मागायचीस.

लेक: दिवसाला बारा मालगाड्या झाल्या की नियम लागतो. खालून भुयारी रस्ता करायचा आणि फाटक कायमचं बंद. फाटक गेलं की तुझी जागा गेली, हे क्वार्टरही गेलं. तुझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत, म्हणून अकरा लिहिल्या. बाकीच्या तीन ‘गरजेनुसार’ म्हणून टाकल्या, त्या मोजणीत येत नाहीत.

आई: पण धावणार.

लेक: धावणार. आई, या दोन खोल्यांत तू मला एकटीने वाढवलंस. तुला इथून उठवणारा कागद मी कसा लिहू?

आई: मंगळवारी सकाळचं सांगते. एक गाडी गेली, मी फाटक उघडायला निघाले, तेवढ्यात फोन, पाठोपाठ दुसरी आहे. सतरा मिनिटं रस्ता बंद. शाळेची एक मुलगी वाकून आत शिरली. मी दप्तराचा पट्टा धरून तिला मागे खेचलं. पट्टा तुटला, पोरीचा गुडघा फुटला. गाडी समोरून गेली.

लेक: मला बोलली नाहीस.

आई: काय बोलू? तुझ्या कागदावर ती गाडी नव्हतीच.

लेक: सह्या झाल्यात गं. आता तोंड उघडलं तर साहेब सोलून काढतील मला. आणि रस्ता होईपर्यंत त्या तीन गाड्या शहरातच अडकतील.

आई: अडकू देत. आणि बोलणी तुझी आहेत, ती तूच खा. मला राग आलाय तुझा, पण तुझ्या बाजूलाच बसलेय. लाव फोन.

(लेक फोन लावते.)

लेक: साहेब, फाटकावरून बोलतेय. सोमवारच्या पत्रकात माझी चूक आहे… नाही, टायपिंगची नाही. जाणूनबुजून केली. गाड्या चौदा आहेत… हो, मला माहीत होतं… भुयारी रस्त्याचा प्रस्ताव मीच लिहिते. फाटक बंद करायचाही… रजिस्टर इथून हलवता येत नाही, तुम्ही येऊन बघा. हो. ठेवते.

आई: काय म्हणाले?

लेक: बरंच काही. रस्ता होईपर्यंत सोमवारपासून खरोखर अकराच सोडायच्या, बारावी नाही. माझ्याकडून लेखी खुलासा. ही योजना माझ्याकडे राहील की नाही, ते नंतर ठरवतील.

आई: राहिली तर नीट कर. नाही राहिली तर जो करेल त्याला हे रजिस्टर दाखव.

लेक: वर्षभरात रस्ता होईल. मग माझ्याकडे यायचंस तू. चौथा मजला आहे, रूळ लांब आहेत, गाडी ऐकूसुद्धा येत नाही. झोप लागेल तुला?

आई: सुरुवातीला पहाटे पाचच्या गाडीला उठून बसेन. मग कळेल, आता उठायचं कारण नाही.