पॅट्रिकपुत्र मायकेल

विनीता : थांबा काका, छापखान्याला अजून काही पाठवू नका. तुमच्या आईंच्या माहेरच्या कुलवृत्तांताचं हे पहिलंच वाक्य बघा. ‘कुळाचा मूळ पुरुष पॅट्रिक कॉरिगन, त्याचा पुत्र मायकेल.’ हा पॅट्रिक तुम्हाला कुठे भेटला?

अवधूत : मायकेलच्या नावातच. इगतपुरीच्या दफनाच्या नोंदीची प्रत मी तुला दाखविली होती. ‘मायकेल पॅट्रिक कॉरिगन, रेल्वेचा मुकादम, मूळचा आयर्लंडातील मेयो परगण्याचा, रोमन कॅथलिक, वय वर्षे सदतीस, महामारीने मृत्यू, सन १८६९.’ इतके स्वच्छ असताना शंका कसली?

विनीता : त्यात वडिलांच्या नावाचा रकाना आहे?

अवधूत : रकान्याची आवश्यकताच काय? आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. जसा मी अवधूत सदाशिव.

विनीता : आणि जशी मी विनीता प्रबोध. काका, हा आपला रिवाज आहे. त्यांचा नाही.

अवधूत : म्हणजे?

विनीता : मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, असं त्यांच्याकडे मुळीच नसतं. त्या काळच्या गरीब माणसाला बहुतेक मधलं नावच नसायचं. कॅथलिक मुलगा जाणता झाला की दृढीकरणाचा विधी होतो, त्यात तो एखाद्या संताचं नाव घेतो. पॅट्रिक तर तिथला सगळ्यात मोठा संत. यानं ते घेतलं असेल आणि इकडे कुणीतरी लिहून टाकलं असेल. बापाचं नाव काहीही असू शकतं.

अवधूत : तू हे निश्चयाने सांगतेस?

विनीता : दोन वर्षं विद्यापीठात मी हेच करते आहे ना. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या गोदीत कोण कोण कुठून आलं, त्यांच्या नोंदी वाचायच्या. सुरुवातीला मीही दोन आयरिश भावांना वेगळ्या बापांची मुलं ठरवून बसले होते. माझ्या प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर हसून घेतलं.

अवधूत : तू माझ्यावर हसलीस तरी चालेल. परंतु दोन वर्षे या घरात भाड्याने राहूनही हे आज सांगतेस?

विनीता : तुम्ही हस्तलिखित आज वाचायला दिलंत! ‘पूर्ण झाल्याविना कोणाच्या दृष्टीस पडू देणार नाही’ म्हणून कपाटात कोंडून ठेवलेलं. मधुमतीकाकूंनासुद्धा दाखवलं नव्हतंत.

अवधूत : ते खरे आहे. तुझी कॉफी गार होते आहे.

विनीता : होऊ दे. मला आता खरंच उत्सुकता लागली आहे. मेयोतला हा पॅट्रिक तुम्ही शोधलात कसा?

अवधूत : मोठ्या परिश्रमाने. इथल्या हार्बरफ्रंट बंदरात फेरीबोटींच्या दुरुस्तीचे काम आटोपले की जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर नोंदवह्यांची पाने पाहत असे. परदेशी माणसाचे ते अक्षर, त्यात लॅटिन भाषा. सात महिन्यांनी एका पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, बाप्तिस्म्याच्या वहीत सापडले : सन १८३२, मायकेल, पिता पॅट्रिक कॉरिगन. वयही जुळले. संपूर्ण परगण्यात असा दुसरा मायकेल मला आढळला नाही.

विनीता : कारण संपूर्ण परगण्यातल्या वह्याच नाहीत. १८३२ च्या आधीपासून वही असलेल्या पॅरिश तिथे किती? मोजक्या. बाकीच्यांची सुरुवात पुढे दहा, वीस वर्षांनी.

अवधूत : डब्लिनच्या आगीत जळाल्या ना त्या? १९२२ साली. मी त्यावर एक परिच्छेद लिहिला आहे.

विनीता : तो वाचला. छान आहे, पण चुकीचा आहे. त्या आगीत जनगणनेचे कागद गेले, सरकारी धर्मपंथाच्या वह्या गेल्या. कॅथलिकांच्या वह्या तिथे नव्हत्याच. त्या मुळातच कमी. आधीची कितीतरी वर्षं त्यांच्या धर्मावर कायद्याची बंधनं होती. पाद्री फिरता, चर्च म्हणजे कुणाच्या तरी शेतातली झोपडी. वही ठेवायची कुठे? ठेवली तर ओलीने सडली. तुमचा मायकेल अशाच एखाद्या गावचा असेल. तुम्ही जी पेटी उघडी होती तेवढीच पाहिलीत, आणि तिच्यात त्या नावाचा माणूस निघाला.

अवधूत : मग आमच्या तिसऱ्या प्रकरणाचे काय?

विनीता : ‘पितापुत्रांतील बेबनाव’?

अवधूत : होय.

विनीता : काका, ते वाचून तर मला शंका आली. तुम्हीच लिहिलंय की मायकेलच्या थोरल्या मुलाचं नाव टॉमस, धाकट्याचं जेम्स, आणि पुढे तीन पिढ्यांत कुणाचंही नाव पॅट्रिक नाही. त्यावरून बाप-लेकाचं भांडण तुम्ही रचलंत. चार पानं! बाप बंदरापर्यंत निरोप द्यायलाही आला नाही म्हणे.

अवधूत : ते मला तर्काने प्राप्त झाले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव देतात. तिकडे दिले नाही, याला काही कारण असलेच पाहिजे.

विनीता : तिकडेही देतात! हीच तर गंमत आहे. पहिला मुलगा झाला की बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव. अगदी नियम नाही, पण खूप घरांतून पाळलेली चाल. आता सांगा, मायकेलच्या थोरल्याचं नाव काय?

अवधूत : टॉमस.

विनीता : मग मायकेलचा बाप?

अवधूत : टॉमस. अरेरे. म्हणजे भांडण झालेच नव्हते. त्या मनुष्याने इगतपुरीच्या घाटात, सुरुंगाच्या धुरात, आपल्या बापाचे नाव पहिल्या मुलाला दिले. आणि मी त्याला चार पाने कृतघ्न ठरविले.

विनीता : बहुधा. ‘बहुधा’ म्हणायचं हं.

अवधूत : बहुधा कृतघ्न नव्हता. बरे, हा टॉमस कोठे शोधावा?

विनीता : बाप्तिस्म्याची वही नसली तरी माणूस कुठेतरी कर देतोच. १८२३ नंतरच्या याद्या आहेत, धर्मकरासाठी केलेल्या. कोण किती जमीन कसतो, त्याच्या. मग १८५० च्या आसपास घरजमिनीचं मोजमाप झालं, त्याच्या याद्या. तुम्ही जेवण वाढेपर्यंत मी मेयोतले टॉमस कॉरिगन काढून पाहिले.

अवधूत : सापडले?

विनीता : चार. त्यातला एक टॉमस एका गावात पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत त्याच जमिनीवर कुणी विधवा कॉरिगन. त्या गावच्या पॅरिशची वही सुरू होते १८४४ ला. म्हणजे मायकेल बारा वर्षांचा असताना.

अवधूत : तोच आमचा!

विनीता : काका!

अवधूत : बहुधा तोच आमचा.

विनीता : ‘बहुधा’सुद्धा नाही. ‘कदाचित’. चारांतला एक. आता मायकेलच्या बहिणी, पुतणे त्या वहीत येतात का बघायचं. बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममातापिता बघायचे, ते बहुधा घरचेच असतात. कुठे जुन्या दगडावर नाव असेल. वर्ष जाईल यात.

अवधूत : वर्ष गेले तरी चालेल. मला एक सांग. हे गाव आपल्या त्या आयर्लंडातल्या युजीनच्या गावापासून किती अंतरावर आहे?

विनीता : पन्नास किलोमीटर. काका, तेच मला विचारायचं होतं.

अवधूत : मग विचारू नकोस. मला कळले आहे. युजीन हा पॅट्रिकच्या वंशातला. आणि पॅट्रिक आमचा नव्हे.

विनीता : तुमचा आहे याला पुरावा नाही, एवढंच. दूरचं नातं असूही शकतं. थुंकीवरून डीएनए तपासणी करता येते, पण पाच पिढ्यांमागचं दरवेळी पकडतच असं नाही.

अवधूत : ती सूचना मी मागेच केली होती. आई म्हणाली, मी काय पाप केले म्हणून माझी थुंकी टपालाने पाठवता?

विनीता : आजी युजीनशी दर रविवारी बोलतात ना?

अवधूत : दर रविवारी. आज साडेपाचला पुन्हा. इकडे परदेशात सायंकाळ, आईकडे घोटीला दुपार, तिकडे आयर्लंडात सकाळ. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही. तो कोंबड्या दाखवतो, ही वांगी दाखवते. मध्ये मी माझ्या मोडक्या इंग्रजीने दुभाषेपण करतो. तो एकोणऐंशी वर्षांचा, एकटा राहतो. त्याने स्वतःच्या भिंतीवर वंशवृक्ष लावला आहे आणि त्यात आईचे नाव इंग्रजीत काढले आहे. हे सर्व माझ्यामुळे झाले. मीच त्याला पहिले पत्र धाडले : आपण एका रक्ताचे आहोत.

विनीता : तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?

अवधूत : तुला ठाऊक नाही, आईला हे किती हवे होते. तिचे डोळे घारे. लहानपणी शेजारच्या बायका म्हणत, ही कुणा साहेबाची उष्टी पोर. तिचे वडील खाली मान घालून उठून जात. वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी तिला कोणीतरी पडद्यावरून म्हणाले की, तू आमची. त्या दिवशी तिने सगळ्या आळीत पेढे वाटले. माहेरचा कुलवृत्तांत लिहावा असे मला तेव्हाच सुचले.

विनीता : मग काय करायचं? पुस्तक थांबवता येईल. पण आजींना लगेच सांगायलाच हवं असं नाही. त्यांचं वय...

अवधूत : तीस वर्षे मी वेल्डिंग केले. सांधा वरून चकचकीत असतो आणि आत पोकळी असते. तपासणीत पोकळी दिसली की आपणच तो कापून काढायचा. जहाज जुने आहे म्हणून सोडता येत नाही.

विनीता : हे जहाज नाही, काका.

अवधूत : नाही. म्हणूनच आईला मी आधी फोन लावतो. तू येथेच बस. कृपा करून उठू नकोस.

(साडेपाचला पाच मिनिटे आहेत. फोनच्या पडद्यावर घोटीहून आई दिसू लागतात. युजीन अजून आलेला नाही.)

आई : दिसू राहिले का रे मी? शेजारच्या ऋताने फोन डब्याला टेकवून दिलाय. का नुसतं कपाळच दिसतं?

अवधूत : मुखमंडल व्यवस्थित दिसते आहे, आई.

आई : मुखमंडल म्हणे. भाऊ नाही आला अजून?

अवधूत : त्याला अवकाश आहे. तत्पूर्वी मला एक निवेदन करावयाचे आहे.

आई : कर. पण आपल्या भाषेत कर. तू असा पुस्तकावानी बोलायला लागला का मला धडकी भरते. नोकरी गेली का?

अवधूत : नाही. आई, युजीन आपल्या नात्यातला आहे असे मी सांगितले होते. ते माझे चुकले. मायकेलच्या मधल्या नावाला मी त्याच्या बापाचे नाव समजलो. तिकडे तशी पद्धत नाही.

आई : म्हंजे तो आपला कुणी नाही?

अवधूत : असल्याचा पुरावा नाही.

आई : हे तुला कुणी दाखवलं? ती पुण्याची पोरगी का? हाये का तिथं?

विनीता : आहे, आजी. नमस्कार. मला माफ करा.

आई : तू कशाला माफी मागू राहिलीस? तू काय बाप बदलला का त्याचा? मग माझा पणजा कुणाचा पोरगा?

विनीता : टॉमस नावाच्या माणसाचा असावा, आजी. मायकेलनं थोरल्याला बापाचं नाव दिलेलं दिसतंय.

आई : टॉमस. आणि गाव?

अवधूत : ते अद्याप ज्ञात... ते अजून माहीत नाही. पुस्तक थांबवतो. पहिल्या पानावर जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहीन. गाव शोधतो आहोत. वर्ष तरी लागेल.

आई : लागू दे. मी काय कुठं चालले? आणि ते भांडणाचं प्रकरण तू मला वाचून दाखवलं होतं ना फोनवर?

अवधूत : तेही खोटे निघाले.

आई : मला वाटलंच होतं. इतक्या लांब जाणाऱ्या पोराला बाप निरोप द्यायला आला नाही, हे काही मला पटलं नव्हतं. पण तू लिहिलेलं, म्हणून बोलले नाही. बरं, भाऊला सांगितलंस?

अवधूत : नाही. मला वाटले, आधी तुझे मत घ्यावे. तो एकटा आहे. हे ऐकून कदाचित पुढच्या रविवारी तो येणारही नाही. आणि तुझी इच्छा नसेल तर आज विषय न काढताही...

आई : आणि मी काय करू? त्याच्याकडं बघून वांगी दाखवू, पोटात दुसरंच ठेवून?

अवधूत : तसे नव्हे, आई.

आई : तसंच. माझ्याबद्दल सगळ्या आळीला माहीत होतं अन् मलाच कुणी सांगत नव्हतं. लहानपणी मी किती रडले त्यापायी. त्याला तसं करायचं नाही. त्यानं भिंतीवर लावलाय ना तो कागद, त्यातलं माझं नाव ठेवायचं का पुसायचं, हे त्याचं तो ठरवील.

अवधूत : आणि त्याने पुसले तर?

आई : तर पुसलं.

विनीता : काका, तो येतोय. रिंग वाजतेय.

अवधूत : आई, सुरुवात कशी करू? मला इंग्रजीत शब्दच सुचत नाहीत.

आई : जसे येतील तसे बोल. अवधूत, एक कर. मला तुझं विंग्रजी कळायचं नाही, पण तू बोलत असताना पडद्यावर मला मोठं ठेव. सगळं ऐकूनही मी उठून गेले नाही, हे त्याला दिसू दे.