घर सोडणारा नायक

वास्तववादाचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं होतं, तेव्हाची गोष्ट. बी.ए. झाल्या झाल्या मी किशोरांसाठी कादंबरी लिहिली. सोळाव्या वर्षाचं मन आजवर एकाही लेखकाला कळलं नाही, असं मी सोलापूरभर सांगत सुटलो होतो. प्रकाशक म्हणाले, "आधी घरातल्या कुणा शाळकरी पोराला वाचून दाखवा. पटलं तर छापू."

म्हणून धाकट्या बहिणीला, नंदाला, समोर बसवलं. माझा नायक समाजाचा धिक्कार करून घर सोडतो, तिथं ती फिस्सकन हसली.

"दादा, ह्याला वाटेत ओळखीचं कुणीच कसं भेटत नाही?"

"तो बंडखोर आहे, नंदा!"

"असू दे की. तूपण शाळेत असताना चिडून पळाला होतास. मोहोळच्या स्टँडवर मामा भेटलेच की! त्यांनी भजी खायला घातली, अन् तू गुमान त्यांच्याबरोबर परत आलास. तेच लिही की."

"वेडी आहेस का?" मी उसळलो. "असलं कुणाला खरं वाटेल?"

मग 'कादंबरी पटली नाही' हा नकाराचा निरोप घेऊन प्रकाशकांकडं नंदालाच पाठवलं.