पट्टेवाला आणि मामंजी

अहो, "सांगता येत नाही" हे काय उत्तर झालं? डॉक्टर असं म्हणाला तर आपण डॉक्टर बदलतो, आणि माशांच्या दुकानदारानं म्हटलं तर मी... मी मासा घेऊन घरी आलो! खायचा नव्हे हो, बघायचा! आमच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. आत खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ. तीन वर्षं खपलोय मी त्यात, आणि प्रवाळ वाढतं किती? महिन्याला नखाएवढंसुद्धा नाही! आणि त्यावर किडे पडले. चपटे, तांबूस, तिळाएवढे... आज दहा, उद्या शंभर. दुकानदार म्हणाला, "हा घ्या, सहा पट्ट्यांचा. किडे फस्त करतो." मी म्हटलं, "स्वभाव?" तो म्हणाला, "तसा गरीब आहे. कधीकधी बिथरतो. मग दुसऱ्यांना मारतो." म्हटलं, "आमच्याकडे बिथरेल का?" तर कान खाजवत म्हणतो कसा, "सांगता येत नाही!"

आता तुम्ही म्हणाल, एक मासा, त्याचं एवढं काय? सांगतो ना! आमच्या टाकीत एक पिवळा मासा आहे, बोटभर. खडकाखाली वाळूत बीळ करतो आणि दिवसभर बिळाच्या दारात बसतो, खालचा ओठ काढून, येणाऱ्याजाणाऱ्यावर नाराज! बायको टाकीकडे ढुंकून बघत नव्हती, पण हा आला आणि म्हणाली, "अगंबाई, हुबेहूब मामंजी!" मामंजी म्हणजे माझे वडील, आता नाहीत ते. झालं! तेव्हापासून रोज सकाळी काचेला नाक लावून "मामंजी, जेवलात का?" माझे वडील होते तेव्हा बारा वर्षांत मोजून बारा वाक्यं बोलली असेल त्यांच्याशी! तर तिनं बजावलं, "मामंजींच्या केसाला धक्का लागला, तर ही टाकी गॅलरीत जाईल." माशाला केस नसतात, पण बोलणार कोण? आणि गॅलरीत म्हणजे उन्हात. माझी तीन वर्षं दुपारपर्यंत शिजून तयार!

म्हणून मी सगळी काळजी घेतली, तुम्हाला सांगतो, सगळी! फोनवर आमचा टाकीवाल्यांचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं. एक म्हणाला, आठ दिवस भोकाभोकांच्या पेटीत ठेवा, पेटी टाकीतच सोडा, सगळ्यांना सवय होऊ दे. ठेवला! बाकीचे मासे दवाखान्यात पेशंट बघायला यावं तसे येऊन बघून गेले. दुसरा म्हणाला, सोडायच्या आधी सगळे खडक हलवा, म्हणजे जुन्यांना वाटतं आपणही नवे, मग जागेवरून भांडणं होत नाहीत. बायको म्हणाली, "म्हणजे एक गुंड येणार म्हणून अख्ख्या गल्लीनं घरं बदलायची?" मी म्हटलं, "तुला शास्त्र कळत नाही." असं म्हणायला नको होतं... पण म्हटलं! मी ग्रुपला विचारलं, एवढं करून भांडणार नाही ना? एकवीस जणांनी उत्तर दिलं. एकवीस! सगळ्यांचं एकच. सांगता येत नाही!

आता मी पेशानं घरांचे नकाशे काढतो. मग काय, कागद घेतला, खडकांना नंबर दिले, हवा कुठून, उजेड कुठून, सगळं आखलं, आणि बायको बाजारात गेली तेव्हा कोपरापर्यंत हात घालून अख्खी वसाहत नव्यानं उभी केली. सुंदर! मग पेटी उघडली. पट्टेवाला बाहेर आला, एक चक्कर मारली, कोणाला धक्का नाही, बुक्का नाही... सज्जन हो! आणि मामंजी गायब.

एक दिवस नाहीत. दोन दिवस नाहीत. बायको काचेला नाक लावून एकेक खडकामागे शोधत राहिली. भांडली असती तर बरं, पण ती काचेसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खाल्लं त्यानं. काढा त्याला." काढा! दगडादगडांत पळणारा मासा जाळीनं काढायचा! चार तास... पायाखाली पाणी, गालिचा भिजला, खालच्या मजल्यावरचे काका वर आले, "अहो, आमच्या छतातून खारं पाणी गळतंय!" मी विचारलं, "खारं आहे हे तुम्हाला कसं कळलं?" तर चिडूनच गेले! शेवटी चार नंबरचा खडक उचलला, सगळ्यात मोठा, आणि त्याच्याखाली... मामंजी! जिवंत! वाळून काटकी झालेले. बिळाचं दार मीच बंद केलं होतं, बरोब्बर वर खडक ठेवून! खालचा ओठ काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगतो, मी मान खाली घातली.

बायको हळूच म्हणाली, "घराचं काम काढलंत तेव्हा खऱ्या मामंजींनाही असंच दारातल्या त्यांच्या जागेवरून उचलून आतल्या खोलीत टाकलंत. नकाशात बरं दिसतं म्हणून." खरं होतं ते. वडील दोन वर्षं त्या खोलीत भिंतीकडे बघत बसले, आणि मी व्हेंटिलेशन किती छान आहे ते सांगत राहिलो. वाईट वाटतं हो. फार वाईट वाटतं.

तर टाकी हॉलमध्येच राहिली, मामंजींसाठी. पट्टेवालाही राहिला, निर्दोष सुटला ना! किडे मात्र खात नाही. एकही नाही! दुकानदाराला फोन केला, खाईल कधी? सांगता येत नाही! म्हणून रोज सकाळी ऑफिसच्या आधी बारीक नळी घेऊन एकेक किडा मीच ओढून काढतो, आणि पट्टेवाला शेजारी उभा राहून देखरेख करतो. परवा काय झालं कुणास ठाऊक... बिथरला! आणि अख्खी टाकी सोडून माझ्या बोटाला कडकडून चावला. मी ओरडलो. बायको आतून धावत आली आणि म्हणाली, "काय केलंत त्याला?"

आणि तुम्हाला सांगतो... मी माफी मागितली हो, पट्टेवाल्याची आणि मामंजींची, दोघांची.