निळ्या आंड्याचं निस्तरणं

आन् वर गावातली माणसं मलाच इचारत्यात, ‘काय बाळासो, फिटली का हौस?’ फिटली की! आवो, दारात कोंबड्या पाळायच्या तर पाळाव्यात, पर रंगाच्या नादी लागू नये, एवढंच तुमास्नी हात जोडून सांगतो. रंग काय सांगून येतोय व्हय?

आता पहिल्यापासनं ऐका. मी न्हावऱ्याचा, कामाला कुरकुंभला, एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत. शिफ्ट असंल तसं फटफटीवर जायाचं, यायाचं. तर केडगावला एका पाव्हण्याच्या लग्नाला गेलो व्हतो, आन् मांडवाच्या शेजारच्या अंगणात दिसला कोंबडा. राखी! चुलीतली निवलेली राख असती का, तस्सा रंग, मानंवर काळी झालर, आन् चालणं असं की नवरदेव बी फिका पडावा. अक्षता राहिल्या हातात, मी आपला कुंपणाला टेकून कोंबडा बघतोय. मालक आला बाहेर, म्हणतोय कसा, ‘नुसता रंग काय बघताय पाव्हणं? ह्याच्या घराण्यातल्या कोंबड्या निळी आंडी देत्यात, निळी!’ मी म्हणलं, सकाळपासनं दुसरं कुणी घावलं न्हाई का राव? तर गडी आत गेला आन् हातावर आंडंच ठिवलं. निळं! मी थुकी लावून घासलं, रंग जाईना. त्यानं फोडून दावलं, तर टरफल आतनं बी निळंच... झालं! तिथंच आमचा निकाल लागला.

लग्नाचं जेवाण बाजूला, मी त्याच्याकडची आंडी इकत घिऊन, रुमालात बांधून घरी. आमची गावरान कोंबडी खुडूक बसलीच व्हती, दिली तिच्याखाली सारून. रोज कामावरनं आलं की आधी खुराड्यात डोकं. आमच्या सारिकानं तर तोंडावर सांगितलं, ‘माझ्या बाळंतपणाला एवढी वाट बघितली न्हाई तुम्ही!’

पिल्लं निघाली. आन् बघतो तर... काळी! काही पांढरी, ठिपक्याठिपक्यांची! राखी म्हणावं अशी मोजकीच. लावला केडगावला फोन, ‘आवो, फसवलं का मला?’ तर त्यो थंडपणानं, ‘न्हाई ओ. बाप राखी, आय राखी, तरी काळी निघत्यात, ठिपक्याची बी निघत्यात. रंग काय सांगून येतोय व्हय?’ म्हणलं, बरं, निळ्या आंड्यांचं काय? ‘ह्या पिल्लांतल्या माद्या, तलंगा वो, आंड्यावर आल्या की कळंल.’ आन् नर निघालेत त्यांचं? ‘त्यांच्या लेकी आंड्यावर आल्या की कळंल!’ म्हंजी कोंबड्याच्या आत काय हाय ते त्याच्या लेकींनी सांगायचं, तवर आपण दाणं टाकत बसायचं!

बसलो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एक दिवस कामावरनं आलो, फटफटी लावली आन् उकिरड्याकडं नजर गेली. निळी टरफलं! पयलं आंडं! ज्याच्यासाठी एवढं म्हयनं काढलं ते पयलं आंडं, फोडून टाकलेलं! ‘आय! कुणी केलं हे?’

आय उंबऱ्यात बसलेली. रंगुबाई तिचं नाव, बोलायला कुणाला भ्यायची न्हाई, पर त्या दिवशी नजर नुसती माझ्या शर्टावर. बोलल्या कोण, तर शेजारच्या म्हाळसाकाकू. ‘म्याच टाकाय लावलं! आरं, तुझ्या कपड्याला कंपनीचं केमिकल, ते कपडं सारिका धुती मोरीत, त्या मोरीचं पाणी पेत्यात कोंबड्या... मग आंडं निळं न्हाई तर काय व्हणार?’

म्हणलं, काकू, ही जातच तसली हाय! मोबाइलात दावलं. तर म्हणत्यात, ‘मोबाइलात माणसं बी हिरवी दिसत्यात.’ दुसऱ्या दिशी कोंबडीनं परत आंडं दिलं, ते मी कंपनीत नेलं, साक्षीला कुणीतरी पाहिजे म्हणून. आमच्या प्लांटवर एक बिहारी गडी हाय, त्यानं निरखून बघितलं आन् म्हणला, ‘अरे भैया, ये तो बत्तख का है!’ म्हंजी बदकाचं! आता बोला!

शेवटाला मीच इरेला पेटलो. तेच आंडं घरी आणून उकडलं, समद्यांच्या म्होरं मीठ लावलं आन् खाल्लं. म्हणलं, बघा, हाय का न्हाई जित्ता?

तर आयनं उठून फटफटीची चावी घेतली आन् पदराच्या गाठीला बांधली. ताटावर बसंना. मी चिडलो, ‘आय, एका आंड्यापायी नोकरी घालवतीस व्हय माझी?’ तवा ती म्हणली... लई हळू म्हणली, ‘दारातल्या कोंबडीचं आंडं निळं झालं. तू तर दिवसभर त्या कंपनीत असतोस. तुझं रगात कसलं झालं आसंल रं बाळ्या?’

माझा राग तिथंच बसला. आंड्याचं न्हवतंच काही! मी कामावरनं आलो की माझा शर्ट नाकाला लावून बघायची, मला वाटायचं धुवायचा का न्हाई ते बघतीय...

दुसऱ्या दिशी एसटीनं दोघं केडगावला, डॉक्टरीणबाईंकडं. सुई टोचली मला, डोळं मिटायच्या जागी आय नळीवरच वाकलेली. रगात भराय लागलं तशी वरडली, ‘लाल हाय! बाई, लाल हाय!’ बाहेर बसलेली पेशंट उठून बघाय आली.

रिपोर्ट चांगला आला. नुसतं हिमोग्लोबिन जरा कमी. डॉक्टरीणबाई म्हणल्या, ‘रोज आंडी खात जा.’ आय लगीच, ‘पांढरी का निळी?’ बाई आधी माझ्याकडं बघत्यात, मग आयकडं. म्हणल्या, ‘आजी, आतनं समदी सारखीच असतात.’ आयनं मान हलवली, ‘व्हय, व्हय, बरोबर.’ मला वाटलं, सुटलो!

कसलं सुटलो? स्टँडवर यायच्या आत तिनं दुकानातनं पांढऱ्या आंड्यांचा ट्रे घेतला, आन् न्हावऱ्यापतुर मांडीवर धरून आणला. म्हणली, ‘बाईंचं बरोबर हाय, पर आपण कशाला परीक्षा बघायची?’

चावी मिळाली, नोकरी ऱ्हायली, कोंबड्या बी ऱ्हायल्या. आता त्या रोज निळी आंडी देत्यात, आन् ती वाया जाऊ नयेत म्हणून म्हाळसाकाकू रोज पाटी घिऊन येत्यात. नातवंडांना घालत्यात, सोता खात्यात, गालावर कशी लाली चढलीय त्यांच्या! मी इचारलं, ‘काकू, केमिकल?’ तर म्हणत्यात, ‘चांगलं उकडून घेती की!’

आन् मी, कोंबड्यांचा मालक, बसलोय दुकानातली आंडी सोलत... आय म्होरं बसलेली असती, एक सुदिक शिल्लक ठिवू देत न्हाई.