पुठ्ठा आडवा धरला तेव्हा

(मांडवा जेटीच्या रस्त्यावरचा नाका. दोन खांबांमध्ये बांधलेला अभिनंदनाचा फ्लेक्स.)

प्रज्ञा : बाबा, आत्ताच्या आत्ता उतरवा तो.

बाळाराम : आधी नीट बघ तरी. फोटो दहावीचा हाय, दुसरा गावला न्हाय.

प्रज्ञा : आणि तुमचा माझ्यापेक्षा मोठा?

बाळाराम : फ्लेक्सवाला बोलला, खालची जागा मोकळी दिसते.

प्रज्ञा : 'गावच्या लेकीने प्रकाशाने अणू फोडला!' हे कुणी लिहिलं?

बाळाराम : तूच ना फोनवर बोललीस?

प्रज्ञा : फोडला नाही हो! आमच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात धातूची वाफ असते. तिच्यावर लेझर टाकला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, दिव्याचा करंट जरासा वाढतो. तो वाढलेला मला दिसला. म्हणून फोन केला तुम्हाला.

बाळाराम : मंग?

प्रज्ञा : मग लेझरच्या वाटेत पुठ्ठा आडवा धरला. बिस्किटाच्या खोक्याचा.

बाळाराम : आन्?

प्रज्ञा : लेझर अडला. करंट तरी वाढलाच.

बाळाराम : बरं झालं की. लेझरचा खर्च वाचला.

प्रज्ञा : बाबा! लेझरनं काही झालंच नव्हतं. तो दिवा थांबून थांबून पेटतो, पेटताना स्वतःच झटका देतो. मी त्यालाच शोध समजून नाचले.

बाळाराम : उद्या विहारात सत्कार हाय. सरपंच येणार. येसाजीमामानं माइक सांगितलाय.

प्रज्ञा : म्हणून तर धावत आले. कशाची शाल घेऊ मी? लाज वाटते.

बाळाराम : चूक सरांनी पकडली?

प्रज्ञा : नाही. सर छापायला पाठवा म्हणत होते. मीच जाऊन सांगितलं.

बाळाराम : पुठ्ठा धरायला कोणी सांगितलंवतं?

प्रज्ञा : कुणीच नाही.

बाळाराम : न्हाय धरला असतास तर?

प्रज्ञा : इतक्यात कुणाला कळलं नसतं.

बाळाराम : हं. शिडी धर. घट्ट धर, हलते ती.

प्रज्ञा : रागावलात?

बाळाराम : रागावलो तर! हौसेनं केलावता. ती सुतळी सोड. फाडू नको, पेंढ्यावर टाकायला व्हईल.

प्रज्ञा : मामाला सांगते, उद्याचा माइक नको.

बाळाराम : का नको? सत्कार व्हनार. आत्ता मला सांगितलंस तेच माइकवर सांगायचं, सगळ्यांसमोर.

प्रज्ञा : हसतील लोक.

बाळाराम : हसू देत. पुठ्ठा आणलायस?

प्रज्ञा : बॅगेत आहे.