अप्पांचा दात आणि महानंदाबाईंचं ताट

मंडळी, जरा सावरून बसा. मागच्यांनी पुढं सरका, पुढच्यांनी पाय आवरा. पूर्वरंगात आपण अन्नदानाचा महिमा ऐकला. सगळ्यांनी माना डोलावल्या. छान डोलावता तुम्ही. आता आख्यानाकडं वळू, आणि वळता वळता एकच प्रश्न विचारतो. ज्या माउलीच्या हातचं तुम्ही रोज जेवता, ती स्वतः काय जेवते, हे तुम्हाला माहीत आहे का?

"काय जेवणार? सगळे जेवतात तेच की." असं म्हणालात ना मनात? ऐकू आलं मला. सिद्रामअप्पाही हेच म्हणाले होते. तर ऐका त्यांची गोष्ट.

सोलापूरकडचं एक गाव. नाव सांगत नाही, मंडपात कुणाचे ना कुणाचे पाहुणे तिकडचे निघतात. त्या गावात सिद्रामअप्पा म्हणजे मोठं प्रस्थ. शेती बरी, मुलगा मल्लिनाथ हाताशी आलेला, सून सुवर्णा शिकलेली. कुणाच्या घरी वाटणीवरून वाजलं की अप्पांना बोलावणं. अप्पा जायचे, मधोमध बसायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे, "प्रमुखाचं घरात चौफेर लक्ष पाहिजे. आमच्या घरात मुंगी लंगडली तरी मला कळतं." मुंगी, बरं का मंडळी.

अप्पांना जेवायला लागायची कडक भाकरी. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग धगीला धरून पापडासारखी कुरकुरीत करायची. वर शेंगांची चटणी आणि दही. त्यांच्या पत्नीच्या, महानंदाबाईंच्या हातची कडक भाकरी पंचक्रोशीत नावाजलेली. लग्नाकार्याला डबे भरभरून जायची. भाकरी जरा मऊ राहिली की अप्पा ताट सरकवून म्हणायचे, "ही म्हाताऱ्यांना वाढा."

एके दिवशी तालुक्याच्या एका मंडळानं अप्पांना 'आदर्श कुटुंबप्रमुख' असा पुरस्कार जाहीर केला. फेटा, शाल, नारळ आणि मुख्य म्हणजे भाषण. कार्यक्रमाला अजून अवकाश होता, पण अप्पा त्याच दिवशी आरशापुढं उभे राहून सराव करायला लागले. आणि त्याच आठवड्यात, जेवताना, त्यांनी कडक भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी मोडला. तुकडा मोडला, आणि त्याच्याबरोबर वरचा, अगदी मधला दातही मोडला.

घर नुसतं हललं. मल्लिनाथ गाडी काढायला धावला. सुवर्णानं मिठाचं पाणी आणलं. शेजारपाजारचे विचारायला आले. अप्पा तोंडावर पंचा धरून बायकोला म्हणाले, "भाकरी किती कडक करायची, याला काही माप आहे का नाही?"

महानंदाबाई म्हणाल्या, "चुकलंच माझं. आता भाषणाचं कसं व्हायचं?"

टोमणा नव्हता हं. ती माउली खरंच काळजीनं म्हणाली. टोमणे मारायची तिला सवय नव्हती. तोवर नव्हती.

भाषणाचं खरंच अवघड झालं होतं. 'स' म्हणायला जावं तर फटीतून वारा निघून जायचा. आता कुटुंबप्रमुखानं व्यासपीठावर 'संस्कार' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? अप्पा म्हणायचे 'थंथ्कार'. नातवंडं तोंड लपवून पळायची.

मग तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरीणबाई. आडनाव तांबोळी. वाडवडिलांनी विड्याची पानं विकली, नात दात दुरुस्त करते. घराणं एकाच तोंडाच्या सेवेत आहे, म्हणायचं. अप्पा आत खुर्चीत, महानंदाबाई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मुळाचा तुकडा काढावा लागेल. जखम भरली की तिथं ब्रिज बसवू."

अप्पा म्हणाले, "पूल? आमच्या ओढ्यावरचा पूल मंजूर होऊन म्हातारा झाला, अजून खांब दिसत नाही. तुमचा कधी व्हायचा?"

"आमचा होईल कार्यक्रमाच्या आधी. खांब तयारच आहेत. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूचे दात थोडे घासून बारीक करायचे, आणि तिन्हींवर मिळून एक सलग टोपी बसवायची. मधला दात त्या दोघांच्या आधारानं उभा राहतो."

"म्हणजे गेला एक, आणि घासायचे शेजारचे दोन धडधाकट? त्यांचा काय गुन्हा?"

"गुन्हा काही नाही. मधल्याचा भार त्यांनी उचलायचा, एवढंच. आणि काम पुरं होईपर्यंत कडक काही खायचं नाही."

हे शेवटचं वाक्य अप्पांना सगळ्यात जास्त लागलं. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. "आता मी खायचं तरी काय?"

महानंदाबाई चुलीपुढं गेल्या. त्या दिवशी ताकातल्या कण्या आल्या. दुसऱ्या दिवशी हुलग्याचं पातळ माडगं. तिसऱ्या दिवशी शेंगांच्या आमटीत कुस्करलेली कडक भाकरी, झाकण ठेवून बेतानं मुरवलेली. मऊ, पण गाळ नाही. चव जागच्या जागी. अप्पांनी वाटी निपटून खाल्ली. रोज नवा प्रकार, रोज वाटी निपटलेली. शेवटी एक दिवस सगळे जेवायला बसले असताना त्यांनी विचारलं, "अगं, इतकं अचूक कसं जमतं तुला? किती भिजवायचं, झाकण कधी काढायचं, कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? रोजचंच आहे माझं."

"रोजचं म्हणजे?"

"मी हेच खाते."

"कधीपासून?"

महानंदाबाई आमटी वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "मल्लूच्या लग्नाच्या आधीपासून."

सुवर्णा म्हणाली, "मामा, आत्यांच्या खालच्या दाढा गेल्यात, दोन्हीकडच्या. मी या घरात आले तेव्हापासून त्या भाकरी भिजवूनच खातात. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक असणार."

मल्लिनाथ म्हणाला, "मला वाटलं, आईला मऊच आवडतं."

मंडळी, 'मला वाटलं' या दोन शब्दांवर किती घरं सुखात चाललीत बघा.

अप्पांनी विचारलं, "अगं, पण गेल्या कशा?"

"एक दुखायला लागली तेव्हा ऐन सुगी होती. तुम्ही म्हणालात, किती दिवस कण्हत बसणार, उपटून टाक. उपटली. मग दुसऱ्या बाजूची दुखली. ती मी कुणाला न सांगताच उपटून आले."

मुंगी लंगडली तरी ज्यांना कळायचं, ते अप्पा हातातल्या वाटीकडं बघत राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, त्यात खोट नाही. पण वाईट वाटल्यावर माणसानं काय करावं? अप्पांनी काय केलं असेल? त्यांनी भाषण बदललं.

हसू नका. आपणही तेच करतो.

कार्यक्रमाच्या आधी दात बसला. पांढराशुभ्र, शेजाऱ्यांना खेटून. 'संस्कार' पुन्हा संस्कार झाले. फेटा बांधला, शाल घातली, महानंदाबाईंनाही मंचावर बोलावलं. अप्पा माइकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पत्नीला खालच्या दाढा नाहीत, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी अपराधी आहे. आज या मंचावरून, तुम्हा सर्वांच्या साक्षीनं जाहीर करतो, मी तिला नवे दात देणार."

टाळ्यांनी मंडप दणाणला. अध्यक्षांनी रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या बाया माना उंच करकरून महानंदाबाईंच्या तोंडाकडं बघायला लागल्या. फोटोवाला जवळ आला आणि म्हणाला, "काकू, जरा हसा की."

महानंदाबाईंनी पदर तोंडावर घेतला तो कार्यक्रम संपेस्तोवर काढला नाही.

परतताना सगळे गाडीत बसले. अप्पांच्या मांडीवर नारळ. अप्पा म्हणाले, "चांगलं झालं ना भाषण?"

महानंदाबाई म्हणाल्या, "दाढा माझ्या गेल्या. भाषण तुमचं झालं."

अप्पांनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"अहो, एवढ्या लोकांना सांगितलंत. त्याआधी घरात मला एकदा तरी विचारायचं होतं, तुला दुखतं का म्हणून."

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "चल डॉक्टरकडं." त्या म्हणाल्या, "मी नाही येत. आता गेले तर लोक म्हणतील, अप्पांनी दात आणून दिले. आणि ज्याला त्याला तोंड उघडून दाखवायचं. त्यापेक्षा माझी आमटी बरी." मल्लिनाथनं समजावलं, सुवर्णानं समजावलं. नाही म्हणजे नाही. गाव विचारत होतं, "अप्पा, वहिनींचे दात बसले का?" आदर्श कुटुंबप्रमुख मागच्या गल्लीनं जायला लागले.

मग एका दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, तरी अप्पा न जेवता पाटावर बसूनच होते. समोर रिकामं ताट. महानंदाबाई म्हणाल्या, "वाढू का?"

"तुझ्याबरोबर वाढ."

"मला वेळ आहे."

"मलाही आहे."

त्यांनी स्वतःची वाटी घेतली, आमटीत भिजवलेली भाकरी. अप्पा म्हणाले, "मलाही तीच दे."

"तुम्हाला कडक चालते आता."

"ठाऊक आहे."

असे बरेच दिवस दोघं मागून जेवायला लागले. नीट बोलायला अप्पांना त्यातले पुष्कळ दिवस गेले. माइक नाही, फेटा नाही, टाळ्या नाहीत. तिथं त्यांना शब्दच सापडेनात. शेवटी एकदा, मान खाली घालून, त्यांनी हळूच विचारलं, "दुखतं का गं कधी?"

महानंदाबाईंचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "डावीकडं. थंडीत फार."

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून गाडीत बसल्या. या खेपेला त्या आत खुर्चीत आणि अप्पा बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग अप्पांना आत बोलावलं. "काका, जागा फार वर्षं रिकामी राहिली. शेजारचे दात त्या खड्ड्यात कलले, वरचा खाली उतरला. उजवीकडं ब्रिज होईल. डावीकडं आधाराला दातच धड नाही, खड्ड्याशेजारची दुखती दाढ काढावी लागेल. तिथं पूल होणार नाही. इतकी वर्षं बघायला घरात कुणी नव्हतं का?"

अप्पा म्हणाले, "होतो की. मीच होतो."

या वाक्याला टाळी पडली नाही. पण अप्पांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण, असं मी समजतो.

डावी दुखायची थांबली. उजवीकडं ब्रिज बसला, डॉक्टरीणबाईंनी खायला मोकळीक दिली. त्या दिवशी महानंदाबाईंनी नेहमीसारख्या भाकऱ्या केल्या, सगळ्यांबरोबर बसल्या, आणि एक कडक तुकडा चटणी लावून उजव्या बाजूला घेतला. घरातले सगळे घास सोडून त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी सावकाश चावून खाल्ला, आणि म्हणाल्या, "लोक म्हणतात ते काही खोटं नाही. चांगली होते की माझी भाकरी."

ज्या हातांनी तालुकाभर डबे पाठवले, त्या हातांची चव त्यांना इतक्या वर्षांनी कळली, मंडळी.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्या घरी तसलं काही नाही. नसेल. अप्पांच्याही घरी नव्हतं. म्हणून माझं एवढंच ऐका. आता प्रसाद वाटतील. खडीसाखर आहे, सुकं खोबरं आहे. तुमच्या घरातली जी कुणी इथं बसली असेल, आई, बायको, बहीण, तिच्याकडं जरा बघा. खोबरं तोंडात टाकते, की पदराला बांधते? बांधलं आणि म्हणाली, "नातवाला नेते," तर लगेच खरं मानू नका. घरी जा, तिच्याशेजारी बसा, आणि एकदा विचारा. हळू विचारा.

टाळकरी, धरा ठेका. आणि अप्पा लोकांनो, नाव घ्यायला तरी तोंड उघडा.